धडाममावशीचा घट्टा

आमच्या घरात सकाळी दोन गोष्टी हमखास चालू असतात, गॅस आणि ह्यांची शोधाशोध. त्या दिवशी हे मोजा शोधत होते. एकच. दुसरा पायात होता, आणि फरशी मी नुकतीच पुसलेली असल्यामुळे त्या एका मोज्यावर उड्या मारत शोध चालला होता.

"खालच्या खणात बघा," मी दुधावरची नजर न काढता म्हटलं.

"बघितला."

"परत बघा."

एवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, चौकटीसकट हादरलं. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून सुटलं, हे घसरून खुर्चीत बसले, माझी नजर ढळली आणि दुधाने तेवढी संधी साधली. आम्ही दोघं एकदम ओरडलो, "मावशी, उघडंच आहे!"

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी धडाममावशी बँडमध्ये मोठा ड्रम वाजवते. तिचं खरं नाव बहुधा पोस्टमनला ठाऊक असेल. बाकी सगळ्या गल्लीला ती धडाम, कारण ती हळू काही करूच शकत नाही. दार लावते ते धडाम, बसते ती धडाम, हसते तीही धडामच. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर सांगते, "मान एक. तिच्यात ड्रम तरी अडकवा नाहीतर नवरा तरी."

बँड तिच्या धाकट्या भावाचा. तो ट्रम्पेट वाजवतो आणि सगळे त्याला मास्तर म्हणतात, सख्खी बहीणसुद्धा. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, शाळेच्या शर्यती असोत, कुणाची निवृत्ती असो, हे लोक लाल कोट आणि सोनेरी बटणं घालून हजर. एकदा एका दंतवैद्याच्या नव्या दवाखान्यासमोर त्यांनी इतकं मन लावून वाजवलं की खुर्चीत आ करून बसलेला पहिलाच पेशंट गळ्यातल्या रुमालासकट पळाला. मावशी आजही शपथेवर सांगते की त्याची दाढ दुखायची थांबली होती.

तर मावशी आत आली, बसली (धडाम) आणि तिने लाल कोट माझ्या ओट्यावर टाकला. "हा जरा उसव. बटण लागत नाही."

बँडचे कोट मी शिवून, उसवून, रफू करून देते. हौस म्हणा. आणि म्हणूनच मला माहीत होतं की याच हंगामात हा कोट मी आधीही उसवला होता, एकदा नव्हे. उलटा करून बघितला. शिवणीच्या आत कापडच उरलं नव्हतं, नुसत्या जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा.

"मावशी, आता वाढवायचा तर मध्ये पडदा लावावा लागेल."

"लाव की. लालच लाव म्हणजे झालं."

मी तिच्याकडे नीट बघितलं. पोट पुढे आलेलं, टणक, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं. पण दंड मात्र बारीक झालेले, मानेची हाडं वर आलेली. मी चहा आणि टोस्ट पुढे ठेवला. एरवी हिच्यापुढे टोस्टचं पाकीट ठेवायचं आणि रिकामं उचलायचं. त्या दिवशी तिने अर्धा टोस्ट खाल्ला, उरलेला बशीत ठेवला आणि पोटावर हात फिरवला. "भरलं बाई."

"अर्ध्या टोस्टनं?"

"हल्ली लगेच भरतं. वय झालं की पोट लहान होत जातं."

"लहान होतं, तर कोट का उसवायचा?"

मावशीने उरलेल्या टोस्टची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तू वकील व्हायला हवं होतंस. स्वयंपाकघराचं नशीब फुटकं." आणि एकदम उजळून, जणू आत्ताच आठवलं अशी, "अगं, तुला पदक दाखवायचं राहिलंच!"

पदक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. या बँडमध्ये घट्ट्याला फार मान. ट्रम्पेटवाल्याच्या ओठावर घट्टा, क्लॅरिनेटवाल्याच्या अंगठ्यावर घट्टा, झांजवाल्याच्या तळहातांवर घट्टे. नवा माणूस आला की काही महिने तो उमेदवार. मग एक दिवस मास्तर सगळ्यांसमोर त्याचा घट्टा बोटाने दाबून बघतो, "पिकला" म्हणतो, आणि तेव्हा त्याला सोनेरी बटणांचा कोट मिळतो. घट्टा कापायचा नाही, त्याच्यावर मेणबत्तीचं मेण चोळायचं, असेही त्यांचे नियम आहेत. आणि बिचाऱ्या मावशीचं दुःख हे की पोटावर एवढा ड्रम वागवून तिला दाखवण्यासारखा घट्टा कधी पडलाच नव्हता. कोट मिळाला तो भावाची बहीण म्हणून, असं झांजवाला चिडवायचा.

तिने सदरा वर केला. "बघ! पडला शेवटी!"

बेंबीत एक गाठ होती. कोटाच्या बटणाएवढी, जांभळट लाल, पिकलेल्या जांभळाचा अर्धा तुकडा आत बसवावा तशी. वर किंचित ओलसर.

"सगळ्या बँडने हात लावून बघितला," मावशी सांगत होती. "मास्तर म्हणाला, ताई, बेंबीचा घट्टा कुठल्याच बँडमध्ये नसेल. पेढे... छे, पेढे कुठले, त्या चिक्कूने सगळ्यांना बिस्किटं वाटली. झांजवाल्याचं तोंड बघायला हवं होतंस. रोज मेण लावते मी."

हे खुर्चीतून तोंड भिंतीकडे फिरवून बसले होते, सभ्यता म्हणून. भिंतीलाच म्हणाले, "अभिनंदन."

मी मात्र वाकून नीट बघितलं. संसारात घट्टे मीही बघितलेत, स्वतःच्याच हातांवर. घट्टा कोरडा असतो, पिवळट असतो, चपटा असतो. जांभळा आणि ओला घट्टा मी बघितला नव्हता.

"मावशी, ड्रम तुझ्या बेंबीवर टेकतो?"

"मग काय डोक्यावर?"

"नक्की बेंबीवरच?"

"अगं, जन्म गेला माझा त्याच्यामागे!"

"दाखव."

आता ड्रम वर तिच्या घरी, आणि माझी उत्सुकता खाली माझ्या घरी. पण न्हाणीत पाणी साठवायचं प्लॅस्टिकचं निळं पिंप रिकामं होतं. ह्यांना सुटकेसचे पट्टे काढायला लावले. ते एका मोज्यावर उड्या मारत गेले आणि उड्या मारत आले. पिंप आडवं करून पट्ट्यांनी मावशीच्या गळ्यात अडकवलं, आणि त्याआधी मला एक युक्ती सुचली म्हणून पिंपाच्या पोटाकडच्या बाजूला कणकेचा हात फिरवला.

"वाजव."

"कशाने?"

मी पळी दिली. आणि मग आमच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मावशीने संचलन केलं. ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून ओट्यापर्यंत, गुडघे उचलून. पिंप असं काही घुमलं की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली, आणि मावशीने तीही ठेक्यात घेतली. ह्यांनी तोंडाने ट्रम्पेट धरला. दूध दुसऱ्यांदा उतू गेलं. मी हसून हसून ओट्याला टेकले होते, पण हसतानाही माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं.

पिंप उतरवलं. मावशीच्या निळ्या सदऱ्यावर कणकेची पांढरी आडवी रेघ उठली होती. ती होती छातीच्या खाली. बेंबी तिच्यापासून चांगली चार बोटं खाली, आणि तिथे कणकेचा कणसुद्धा नव्हता.

मावशीने रेघेकडे बघितलं. बेंबीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझं पिंप लहान आहे."

"चल वर."

वर गेलो. खऱ्या ड्रमला कणीक लावली. रेघ तिथेच.

मावशी पलंगावर बसली. हळू बसली. तिला तसं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"मग हे काय आहे गं?" तिने विचारलं.

"ते डॉक्टरला विचारू."

"डॉक्टर!" ती लगेच उसळली. "डॉक्टर काय सांगणार? विश्रांती घ्या. माझी विश्रांती म्हणजे ड्रम त्या झांजवाल्याच्या गळ्यात! तो टपूनच बसलाय. एकदा का ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात गेला की परत येत नाही. माझ्याकडे कसा आला? आधीच्या बाबांना कंबरदुखी झाली म्हणून एका आठवड्यापुरता. ते बाबा अजून वाट बघतायत."

तेव्हा तिची भीती मला कळली. गाठीचं तिला काहीच नव्हतं. भीती होती ती त्या एका आठवड्याची.

मग मी तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. ती यायला तयार झाली, कारण तिच्या मते कातडीचा डॉक्टर म्हणजे वरवरचा डॉक्टर. "मलम देईल आणि सोडेल. पोटात शिरणाऱ्यातला नव्हे."

डॉक्टर निघाली एक तरुण मुलगी, भराभर बोलणारी. दोन पेशंटच्या मधल्या वेळात खाल्लेल्या बिस्किटाचा चुरा तिच्या बाहीवर होता. मावशीने ऐटीत सदरा वर केला. "घट्टा आहे. ड्रमचा. म्हणजे माझं म्हणणं तसं होतं, पण या बाईने कणीक लावून मोडता घातला."

डॉक्टर हसली. मग दिव्याचं भिंग घेऊन वाकली, बोटाने गाठ दाबली, हलवून बघितली. आणि तिचं ते भराभर बोलणं थांबलं. भिंग ठेवून तिने खुर्ची जवळ ओढली आणि कातडीचं सोडून भलतंच विचारायला लागली. पोट कधीपासून वाढलं? भूक कशी आहे? लघवीला वारंवार जावं लागतं का? पाळी गेल्यानंतर पुन्हा कधी रक्त दिसलं?

"दिसलं की, मध्यंतरी थोडं," मावशी म्हणाली. "मला वाटलं ड्रमच्या हादऱ्यानं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या आयुष्यात जे काही होईल त्याचं श्रेयही ड्रमला आणि खापरही ड्रमवरच.

"मावशी," डॉक्टर म्हणाली, "बेंबीतल्या पुष्कळ गाठी साध्या असतात. पण अशी कडक, नव्याने आलेली, ओली गाठ दिसली की आम्ही कातडीकडे बघत बसत नाही, आत बघतो. बेंबीपाशी पोटाची भिंत सगळ्यात पातळ असते. आतलं काही असेल तर कधीकधी ते तिथून बाहेर दिसतं. बाईमाणसात आधी अंडाशय आणि गर्भाशय तपासायचं. मी याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवते. पोटाचा फोटो उद्याच काढून घ्या. उद्याच, हं."

"तू तर वरवरची डॉक्टर ना?" मावशी म्हणाली.

"हो. म्हणून वरून दिसलं."

तुकड्याचा निकाल आला, पोटाचे फोटो आले, आणि आम्हाला मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंकडे पाठवण्यात आलं. या बाई सावकाश बोलणाऱ्या, एकेक शब्द ठेवून. अंडाशयाचा कॅन्सर. पोटात थोडा पसरलेला. पोट वाढलंय ते चरबीने नव्हे, पाण्याने. बेंबीतली गाठ ही त्याचीच. आधी औषधाची सलाइनं द्यायची, गाठी लहान झाल्या की ऑपरेशन. "पुढच्या टप्प्यावर आहे, हे मी लपवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण या आजारावर औषध चांगलं लागू पडतं, हेही खरं आहे."

मावशीने मान हलवली. बाहेर आल्यावर जिन्यात मधल्याच पायरीवर उभी राहिली आणि कठडा धरून म्हणाली, "मला भीती वाटतेय गं."

मी तिचा हात धरला. खालून येणारे लोक आम्हाला वळसा घालून वर जात होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता मास्तरला सांगायचं कसं? बिस्किटं वाटलीत त्याने."

बँडची तालीम टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये चालते. आम्ही गेलो तेव्हा सगळे घोळक्याने वाद्यं पुसत होते. मावशी मधोमध जाऊन उभी राहिली. कशी सुरुवात करावी याचा मी रस्ताभर विचार करत आले होते, पण तिने मला तोंडच उघडू दिलं नाही.

"मास्तर, ज्या घट्ट्याचं तू अभिनंदन केलंस ना, तो कॅन्सर निघाला."

शेडमध्ये पिन पडली असती तरी ऐकू आली असती. पिन नाही पडली, पण झांजवाल्याच्या हातातली एक झांज पडली. सिमेंटवर ती गोल गोल फिरत राहिली, फिरत राहिली, थांबायचं नावच घेईना. सगळे तिच्याकडेच बघत होते. शेवटी ती झणझणत आडवी झाली आणि मावशी म्हणाली, "हा इसम माझ्या ड्रमवर डोळा ठेवून आहे, आणि याच्याने एक झांज धरवत नाही!"

आणि ती हसली. मग झांजवाला हसला, मग क्लॅरिनेटवाला, मग सगळी शेड. मास्तर हसत नव्हता. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. रडू लपवायला त्याने ट्रम्पेट तोंडाला लावला आणि त्यातून असा काही आवाज निघाला की आधीच हसणारी माणसं खाली बसली.

"ताई, मी मेण लावायला सांगितलं," तो म्हणत होता. "मी तुला मेण लावायला सांगितलं गं!"

"मग काय झालं, चकचकीत तरी झाला," मावशी म्हणाली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. धपाट्यात अजून दम होता.

दुसऱ्या दिवशी काय घडलं ते मला त्या कातडीच्या डॉक्टरनेच नंतर सांगितलं. सकाळी दवाखाना उघडायला ती आली तर फुटपाथवर लाल कोटांची रांग. अख्खा बँड. कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला निघाले होते, जाता जाता तपासून घेऊ म्हणाले. वाद्यांसकट आत शिरले. बाकी पेशंटना वाटलं दवाखान्याचाच काही समारंभ आहे, ते उठून उभे राहिले. मग एकेक जण खुर्चीत बसायचा, ओठ, अंगठा, तळहात पुढे करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

"घट्टा," डॉक्टर म्हणायची. पुढचा. "घट्टा." पुढचा. "हाही घट्टाच." दर वेळी रांगेतून सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा यायचा की टेबलावरचे कागद उडायचे. झांजवाल्याच्या तळहातावर चामखीळ निघाली. तो इतका घाबरला की त्याला पाणी द्यावं लागलं. बिचाऱ्याने मग जिन्यात बसूनच मावशीला फोन केला, "मावशी, मला पण झालंय."

"काय झालंय?"

"चामखीळ."

"अरे देवा," मावशी म्हणाली. "मग आता तुझे दिवस किती उरले?"

औषधाची सलाइनं सुरू झाली. त्या दिवसांबद्दल सगळं गोडगोड लिहिलं तर ते खोटं होईल. ती आजारी पडायची, खूपच. तोंडाला चव नाही, पायात मुंग्या, दोन-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून. मी सूप घेऊन जायचे आणि तसंच परत आणायचे. केस गेले. तेव्हा ती म्हणाली की वास्तविक बँडच्या टोपीच्या दृष्टीने हा फायदाच आहे, पण टोपी डोळ्यांवर घसरायला लागली, म्हणून मी टोपीला आतून पट्टी शिवली.

पण एक गोष्ट मला कुठल्याही फोटोच्या आधी कळली. तिसऱ्या की चौथ्या सलाइननंतर तिने हौसेने कोट अंगात घातला आणि त्याला पुढे चांगली घडी पडली. पोट उतरत होतं! मी उसवलेल्या शिवणी परत धरायला बसले. जुन्या भोकांच्या रांगा होत्याच, एकेक रांग आत सरकत गेले. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात टाके घातले नसतील. त्याच दिवशी मावशीने पूर्ण टोस्ट खाल्ला, वर माझ्या बशीतला उचलला आणि म्हणाली, "तू खाणार नव्हतीस ना?"

"खाणार होते."

"मग आधी बोलायचं."

आणि बेंबीतली ती गाठ? तीही आक्रसली, वाटाण्याएवढी झाली. मावशी रोज आरशात बघायची आणि सांगायची, "पदक गहाळ व्हायला लागलंय."

खरा वैताग मास्तरचा होता. स्वतःच्या मेणाचा त्याने असा धसका घेतला होता की आता बहिणीला काही उचलूच देईना. पाण्याचा तांब्या तो उचलणार. वर्तमानपत्र जड असतं म्हणून पानं सुटी करून देणार. दार तिने धडामकन लावलं की हा मागून येऊन म्हणणार, "ताई, हळू, हळू." धडाममावशीला हळू! आणि या सगळ्यात ड्रम झांजवाल्याच्या गळ्यात गेलेला. तात्पुरता, असं मास्तर म्हणायचा. तो शब्द ऐकला की मावशीच्या चेहऱ्यावर ते कंबरदुखीवाले बाबा येऊन उभे राहायचे.

तालमीच्या वेळी वारा या बाजूचा असला तर आवाज आमच्या गल्लीपर्यंत येतो. झांजवाला वाईट वाजवत नव्हता, पण दर वेळी किंचित उशिरा, जणू बँडच्या मागून चप्पल घालत धावत येतोय. मावशी खिडकीत बसून ऐकायची. एक दिवस तिला सहनच झालं नाही. टोपी, शाल, हातात उशी अशा थाटात ती खिडकीत उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "आत्ता! आत्ता मार, गाढवा!" रस्त्यावरचा एक सायकलवाला दचकून ब्रेक लावून थांबला आणि विचारायला लागला, "कुणाला?"

"कधी उचलायचा मी ड्रम?" ती मास्तरला विचारायची.

"डॉक्टर सांगतील तेव्हा."

"आणि डॉक्टरांनी सांगितलं तर उचलू देशील?"

"बघू ना, ताई. पुढच्या हंगामाचं बघू."

हे "बघू" तिला कॅन्सरपेक्षा जास्त लागायचं. माझ्यापाशी येऊन ती बोलायची, "कॅन्सर निदान तोंडावर तरी आला. बेंबीतून डोकं काढून म्हणाला, मी आहे. हा माणूस बघू म्हणतो."

ऑपरेशनच्या आधी सर्जनबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. मावशी, मास्तर आणि मी. मास्तरने मावशीची पिशवी, मावशीची शाल, मावशीचा चष्मा आणि मावशीची पाण्याची बाटली असं सगळं धरलं होतं. बाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. गर्भाशय काढणार, दोन्ही अंडाशयं काढणार, आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढणार. मग पेन्सिल चित्राच्या मधोमध टेकली. "आणि बेंबी."

"बेंबी?" मावशी म्हणाली.

"गाठ तिथे आहे, त्यामुळे बेंबीसकट काढावी लागेल."

"अख्खी?"

"अख्खी."

मावशीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि संपलंच. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग माझे. सर्जनबाई गंभीर, मास्तर गंभीर, आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबावा तसे रुमाल कोंबून. "अहो बाई," मावशी श्वास घेत म्हणाली, "मग मी यापुढे ओरडायचं तरी कुठून?"

सर्जनबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि मग त्या सावकाश बोलणाऱ्या बाई अशा खळाळून हसल्या की नर्सने दार उघडून आत बघितलं.

हसून झाल्यावर डोळे पुसत मावशीने विचारलं, "यानंतर मी बरी होणार?"

"औषधाने छान काम केलंय," बाई म्हणाल्या. "जे डोळ्यांना दिसेल ते सगळं काढायचा मी प्रयत्न करीन. परत येणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. आला तर परत त्याच्या मागे लागू. एवढं मात्र सांगते."

मावशीने हे ऐकत रुमालाची घडी घातली. वाद नाही, विनोद नाही. मग तिने हळूच मान हलवली, जशी एखाद्या सरळ माणसाने सरळ सांगितल्यावर आपण हलवतो.

"आणखी काही विचारायचंय?"

मास्तरकडे प्रश्नांची लांबलचक माळ तयार होती. किती दिवस झोपून, जिना कधी, वजन किती, हसलेलं चालेल का. तो बाटली सांभाळत तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने हात आडवा धरला.

"विचारायचं काही नाही. एक सांगायचंय," ती म्हणाली. "टाके सुकले की ड्रम कधी उचलायचा, ते तुम्ही मला सांगा. याला नको."